इंडिका बुटकी कशी झाली?

आधीच सांगून टाकतो, मागाहून गैरसमज नको. हा लेख गांजाच्या झाडाबद्दल आहे, गांजा ओढण्याबद्दल नाही. आणि घरी लावण्याबद्दल तर मुळीच नाही. आपल्याकडे १९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम २० खाली बाल्कनीतल्या कुंडीत एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आई, तू हे वाचत असशील तर निर्धास्त राहा. आपल्या बाल्कनीत अजूनही तुळस, कढीपत्ता आणि तू दिलेला तो न वाढणारा मोगराच आहे.

तर झालं असं. कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी नेदरलँड्सला धाडलं होतं. डेल्फ्टमध्ये एका जुन्या, अरुंद, उंच घराचा मधला मजला भाड्यानं मिळाला. खालच्या मजल्यावर घरमालक एकटेच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शाळामास्तर. शेजारची पोरं त्यांना 'ओपा' म्हणायची, म्हणजे आजोबा. मग मीही ओपाच म्हणायला लागलो. एका विकांताला त्यांनी हाक मारली, माळ्यावरचं एक जुनं लाकडी कपाट सरकवायचं होतं. वर गेलो. उतरत्या छपराची खोली, एका बाजूचं छप्पर काचेचं, आणि मधोमध एका मोठ्या कुंडीत एक झाड.

झाड म्हणजे काय, कसरत होती ती! खोड कमरेपर्यंत सरळ वर आलेलं, तिथून आडवं वळवून सुतळीनं भिंतीतल्या खिळ्यांना बांधलेलं. भिंतीच्या कडेकडेनं ते कोपऱ्यापर्यंत गेलेलं आणि कोपऱ्यातून परत खिडकीकडे वळवलेलं. आपल्याकडे मनी प्लांट ग्रिलवरून फिरवतात ना, तसं. फरक एवढाच की मनी प्लांट ही वेल असते आणि हे चांगलं मनगटाएवढ्या खोडाचं झाड होतं. पानं लांब, अरुंद, हाताच्या बोटांसारखी पसरलेली.

"ओळखलंस?" ओपांनी विचारलं.

पानं चित्रात पाहिलेली होती, म्हणून ओळखलं. पण परदेशात घरमालकाच्या माळ्यावर असं काही ओळखावं की नाही, हे कळेना. मी गप्प.

"घाबरू नकोस. तुमच्याकडचंच आहे," ते म्हणाले.

१९७८ साली त्यांचा एक मित्र भारत फिरून आला होता. इडुक्कीच्या डोंगरातून त्यानं मूठभर बिया आणल्या. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी नवं बी धरत ओपांनी ती जात सांभाळली होती. नेदरलँड्समध्ये पाच झाडांपर्यंत पोलीस फार तर झाड उचलून नेतात, खटला सहसा भरत नाहीत. पण कृत्रिम दिवे लावले की तो धंदा समजला जातो, म्हणून ओपांकडे दिवे नव्हते, फक्त ते काचेचं छप्पर. "दरवर्षी आमचं भांडण होतं," ते म्हणाले. "त्याला पंधरा फूट हवेत, माझ्याकडे सात आहेत."

मी आपला इंजिनिअरचा प्रश्न विचारला. एवढा त्रास कशाला? बुटकी जात लावायची ना!

"बुटकी कुठल्याही दुकानात मिळते," ओपा म्हणाले. "आणि ती बुटकी का आहे, ते तू शोधून काढ. तुला सांगतो, त्यात झाडाचा काही दोष नाही."

झालं, डोक्यात किडा शिरला. पुढचे कितीतरी विकांत त्या किड्यानं खाल्ले. जे हाती लागलं ते आज लिहितोय.

* * *

पहिली गोष्ट, हे झाड मुळात उंचच. अंबाडी आठवते? तिच्या सालीपासून दोर वळतात. तिचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे 'कॅनाबिससारखी', कारण तिची पानं या झाडासारखी दिसतात. कॅनाबिसच्या सालीचाही वाख निघतो आणि तो भलता चिवट असतो. युरोपात शेकडो वर्षं हे झाड मुख्यतः वाखासाठीच पेरलं गेलं. जहाजांचे दोर त्याचे, शिडांची कापडं त्याची. 'कॅनव्हास' हा शब्दच मुळी 'कॅनाबिस'वरून आलाय. ओपांच्या डच पूर्वजांनी ज्या जहाजांवरून अर्ध्या जगाशी व्यापार केला, ती याच झाडाच्या दोरांनी बांधलेली होती. वाख हवा तर झाड उंच हवं. म्हणून ते दाट पेरायचे, म्हणजे फांद्या न फुटता झाडं उजेडाकडे सरळसोट धावतात. बारा-पंधरा फूट हे काही नवल नव्हतं.

१७५३ मध्ये लिनियसनं या युरोपियन झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिलं. सटायव्हा म्हणजे पेरणीचं, लागवडीचं. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे भारतातून आलेले नमुने पोचले. हे झाड युरोपातल्या झाडापेक्षा वेगळं आहे, याचं खोड कठीण आहे, वाख काढायला ते कुचकामी आहे आणि याचा गुण नशेचा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यानं त्याचं नाव ठेवलं 'कॅनाबिस इंडिका'. भारतीय म्हणून इंडिका.

हे नाव लक्षात ठेवा, पुढे याची फार मोठी गंमत होणार आहे.

* * *

भारतात या झाडाला जागेची चणचण कधी नव्हती. आकाश फुकट होतं. एकाच झाडाच्या पानांची भांग, मादी झाडाच्या तुऱ्यांचा गांजा आणि राळेचा चरस, अशी सरळ वाटणी. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, आणि मादीला बी धरू द्यायचं नाही म्हणून शेतातली नर झाडं वेळेवर उपटावी लागतात. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यात नौगांवच्या आसपास गांजाची मोठी शेती होती. तिथं हे नर-मादी ओळखायचं काम करणारी खास माणसं असत, त्यांना पोद्दार म्हणत. शेतकरी त्यांना मेहनताना देऊन बोलवायचे. थोडक्यात, शेताचे क्यू.ए.! मुंबई इलाख्यात ही लागवड प्रामुख्यानं अहमदनगर जिल्ह्यात होती, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये. माझं आजोळ तिकडचं. आजोबांच्या तोंडून ज्वारी, कांदा आणि दुष्काळ याखेरीज कशाचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे हे वाचून मी जरा उडालोच.

ही सगळी माहिती आपल्याला आज मिळते ती एका चौकशीमुळे. १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन नावाच्या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला, की भारतात गांजामुळे लोक वेडे होतात, हे खरं का? दारूबंदीच्या चळवळीतला माणूस तो. सरकारनं आयोग नेमला, 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. आयोगानं देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, साधू, शेतकरी, दुकानदार, सगळे त्यात आले. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी कारण माहीत नसलं की कारकून सरळ 'गांजा' असं लिहून मोकळा होत असे. (आमच्याकडे बग कशामुळे आला ते कळलं नाही की 'नेटवर्क इश्यू' लिहितात, तसं.) १८९४ मध्ये अहवाल आला. अतिरेक घातक आहे, पण माफक सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही, आणि संपूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारनं बंदी घातली नाही, परवाने आणि कर चालू ठेवले.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं असं, की त्या काळात झाडाच्या उंचीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. परवाना असेल तर ते शेतात उघड उभं राही. काही भागांत घरामागच्या परसातही दोन-चार झाडं असत. ज्याला लपायचं नाही त्याला वाकायचंही नाही.

* * *

आता थोडं शास्त्र. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा रमणार आहे.

साधारण १९१२ साली ज्युलियन तुर्नवा नावाचा फ्रेंच तरुण एका कोड्यात पडला होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली कॅनाबिसची रोपं वीतभर वाढतात न वाढतात तोच फुलायला लागत. तीच रोपं वसंतात पेरली तर आधी उंच वाढून मग सावकाश फुलत. ऊब, पाणी, खत सगळं तपासून तो या निष्कर्षाला आला, की झाड दिवसाची लांबी मोजतंय. त्यातही, रात्र लांबत चालली आहे हे त्याला कळतंय. म्हणजे झाडाला घड्याळ आहे! हे काम पुरं व्हायच्या आतच पहिलं महायुद्ध पेटलं आणि तुर्नवा त्यात मारला गेला.

अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड या दोघांना असंच कोडं पडलं होतं, पण तंबाखूचं. 'मेरीलँड मॅमथ' नावाची एक जात शेतात दहा-दहा फूट वाढायची, पण थंडी पडेपर्यंत फुलतच नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र ती निमूटपणे फुलायची. त्यांनी एक अंधारी खोपटी बांधली आणि कुंड्या दुपारीच आत ढकलून दिवस आखूड केला. झाडं भर उन्हाळ्यात फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं आणि 'फोटोपीरियॉडिझम' हा शब्द जगाला दिला.

हे प्रयोग झाले व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इथल्या सरकारी शेतावर. त्याच शेतावर त्याच सुमारास लिस्टर ड्यूई नावाचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ कॅनाबिसच्या वाखाच्या जाती सुधारत होता. 'कायमिंग्टन' वगैरे नावांच्या त्याच्या जातींमधली निवड कशावर, तर उंचीवर! म्हणजे एकाच आवारात एक माणूस हे झाड आणखी उंच करतोय आणि दुसरे दोघे, स्वतःच्या नकळत, त्याला बुटकं ठेवायची किल्ली शोधतायत. ड्यूईचं काम १९३० च्या दशकात गुंडाळलं गेलं. १९३७ मध्ये अमेरिकेनं कर लावून हे झाड जवळपास बेकायदा केलं. आणि त्या शेताजवळ १९४३ पर्यंत काय उभं राहिलं? पेंटॅगॉन!

या घड्याळावरूनच प्रत्येक मुलखाच्या जातीची उंची ठरते. इडुक्की साधारण १० अंश अक्षांशावर. तिथं वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जेमतेम सव्वा तासाचा फरक असतो. थंडी नाही, घाई नाही. तिथलं झाड निवांत वाढतं, फुलायला लागलं तरी वाढत राहतं, महिनोन्‌महिने. याउलट उत्तर अफगाणिस्तान ३६-३७ अंशांवर. कोरडा उन्हाळा, मग अचानक कडाका. तिथलं झाड बुटकं, झुडपासारखं, रुंद पानांचं, आणि फुलायचं काम झटपट उरकणारं. डेल्फ्ट तर ५२ अंशांवर. तिथं जून आणि डिसेंबरच्या दिवसात नऊ तासांचा फरक पडतो. ओपांचं केरळी झाड अंगणात लावलं असतं तर फुलं धरायच्या आत गारठून मेलं असतं. म्हणून माळा, म्हणून काच, म्हणून ती सुतळी.

* * *

मग बुटकं झाड जगभर कसं पसरलं?

१९६०-७० च्या दशकांत इस्तंबूल, काबूल, दिल्ली, काठमांडू अशा रस्त्यानं हजारो पाश्चात्त्य तरुण फिरले. परतताना त्यांच्या खिशात बिया असत. केरळच्या, नेपाळच्या, थायलंडच्या, कोलंबियाच्या, आणि अफगाणिस्तानच्याही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी त्या लावल्या. सुरुवातीला उंच जातींना मान होता. सांताक्रूझ भागात तयार झालेली 'हेझ' ही जात अशाच उष्ण कटिबंधातल्या जातींच्या मिश्रणातून आली. तिच्या पूर्वजांत दक्षिण भारताचंही नाव घेतलं जातं. ती भयंकर उंच आणि भयंकर सावकाश.

मग सरकार कामाला लागलं. १९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिकावर विमानांतून पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं गेलं, त्यामुळे अमेरिकेत बाहेरच्या मालापेक्षा घरच्या मालाला मागणी वाढली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात 'कँप' नावाची मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरमधून शेतं शोधायची, उतरायचं आणि झाडं उपटायची. बारा फुटांचं झाड हेलिकॉप्टरमधून लपणार कसं? लोकांनी झाडं घरात घेतली. तळघरात, गॅरेजमध्ये, कपड्यांच्या कपाटात. सूर्याच्या जागी रस्त्यावर असतात तसले सोडियमचे दिवे आले. आणि दिव्यांबरोबर गार्नर-अॅलर्डची किल्ली आली. दिवस किती तासांचा हे आता घड्याळ लावून माणूस ठरवणार.

इथून पुढे सगळी रिक्वायरमेंटच बदलली. छताची उंची ठरलेली, दिवा ठरावीक अंतरावर, विजेचं बिल दर महिन्याला, आणि पकडले जायची भीती रोजची. या चौकटीत बसणारं झाड कसं हवं? बुटकं, आणि लवकर उरकणारं. अफगाण जातीत हे दोन्ही गुण आयते होते. त्यामुळे प्रत्येक गोष्टीत थोडं अफगाण मिसळायला सुरुवात झाली. अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन यांच्या संकरातून आलेली 'स्कंक नंबर वन' १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातून नेदरलँड्सला पोचली. १९७६ च्या डच कायद्यानं तिथलं वातावरण सैल केलेलं होतंच. तिथंच नेव्हिल शोनमेकर्स या माणसानं 'सीड बँक' काढली आणि जगभर टपालानं बिया विकल्या. ती उंच, हट्टी 'हेझ' घरात मावावी म्हणून त्यानं तिचा 'नॉर्दर्न लाइट्स' या बुटक्या जातीशी संकर केला. आज जी जात 'हेझ' म्हणून मिरवते ती बहुतेक या लग्नाची लेकरं-नातवंडं. १९८९ मध्ये अमेरिकन पोलिसांनी दिवे आणि बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांवरही 'ग्रीन मर्चंट' नावानं धाडी घातल्या. परिणाम? कपाटं आणखी लहान झाली, झाडंही. २००० नंतर तर रशियातल्या 'रुडेरालिस' या खुरट्या रानटी जातीचं रक्त मिसळून दिवस-रात्रीकडे बघतसुद्धा नाहीत अशी गुडघ्याएवढी झाडं बाजारात आली.

गव्हाचं आठवा. जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या गव्हापासून बोरलॉगनं मेक्सिकोत ठेंगू जाती काढल्या. १९६० च्या दशकात त्या भारतात आल्या आणि आपली भूक भागली. तिथं गहू बुटका करायचं कारण स्वच्छ होतं. भरपूर खत दिलं की उंच गहू दाण्याच्या वजनानं आडवा होतो, बुटका उभा राहतो. हा निर्णय शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक घेतला, आणि जुन्या उंच गव्हांचे नमुने बीजपेढ्यांत जपून ठेवले. कॅनाबिस बुटकं करायचा निर्णय मात्र कोणीच घेतला नाही. तो हेलिकॉप्टरनं घेतला, कपाटाच्या दारानं घेतला. आणि मागे काय राहिलं ते जपायला कोणी नव्हतं. ओपा म्हणाले ते खरं. झाडाचा दोष नाही.

* * *

आता ती नावाची गंमत.

१९७० च्या दशकात अमेरिकन कोर्टांत वाद झडले, की कायद्यात 'कॅनाबिस सटायव्हा' लिहिलंय, मग 'इंडिका' बेकायदा कशी? वकिलांची करामत! या वादात वनस्पतिशास्त्रज्ञही ओढले गेले. रिचर्ड शुल्टेस यांनी १९७४ मध्ये अफगाणिस्तानातल्या बुटक्या, रुंद पानांच्या झाडाला 'इंडिका' म्हटलं. बाजारानं ते उचललं. बुटकी आणि रुंद पानांची ती इंडिका, उंच आणि अरुंद पानांची ती सटायव्हा.

बघा काय झालं ते! लामार्कनं १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडाला इंडिका म्हटलं होतं. त्याच भारतातली उंच, अरुंद पानांची जात आज ॲमस्टरडॅमच्या दुकानात 'सटायव्हा' म्हणून विकली जाते. आणि 'इंडिका' या पाटीखाली विकलं जातं ते अफगाण. आपल्या पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिकाही छोट्या पार्किंगमध्ये मावायची म्हणूनच लोकांना आवडली, त्यामुळे मराठी माणसाला इंडिका म्हणजे आटोपशीर हे पटकन पटेल म्हणा! २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या नमुन्यांची जनुकं तपासली गेली. पाटीवरच्या 'इंडिका-सटायव्हा'चा आणि झाडांच्या खऱ्या नात्यागोत्याचा फारसा मेळ बसला नाही. इतकी भेसळ, की व्हेरिएबलचं नाव एक आणि आत भलतंच. असला कोड रिव्ह्यूला आला असता तर मी परत पाठवला असता.

आणि मूळ कोड? त्याचा बॅकअप कुठाय?

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारतानं पानं, म्हणजे भांग, वगळून घेतली आणि बाकीच्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळवली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा झाला. तिकडे नौगांवच्या शेतकऱ्यांची १९१७ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था होती. फाळणीनंतर तो भाग पूर्व पाकिस्तानात आणि मग बांगलादेशात गेला, आणि १९८० च्या दशकात तिथलीही शेती बंद झाली. पोद्दारांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. उत्तराखंडनं २०१८ पासून वाखाच्या, नशा नसलेल्या लागवडीला परवाने दिले, ते चांगलंच झालं. पण दख्खनच्या त्या जुन्या जाती? त्यांच्यासाठी कोण अर्ज करणार?

कायदा चूक की बरोबर, यात मी शिरत नाही. व्यसनानं घर बसलेलं मी जवळून पाहिलंय, त्यामुळे हातात झेंडा घेऊन नाचायची मला हौस नाही. माझा मुद्दा साधा आहे. माणसांना वाटतं आपण एखादी गोष्ट बंद केली की ती थांबते. ती थांबत नाही, वेगळ्या आकाराची होते. आणि तो आकार बंदी घालणाऱ्यानं ठरवलेला नसतो, तसा लपवणाऱ्यानंही ठरवलेला नसतो. दोघांच्या मधल्या चौकटीत जो मावतो तो.

* * *

परत यायच्या आदल्या रात्री ओपांनी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर एक काडेपेटी ठेवली. आत पंधरा-वीस बिया, करड्या, त्यावर नक्षीसारख्या रेघा.

"घेऊन जा," ते म्हणाले. "चाळीसहून जास्त वर्षं माझ्याकडे पाहुणी आहे. तिला सरळ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तुमच्याकडे उभी राहील."

मी काडेपेटी हातात घेतली, उघडली, बंद केली आणि परत ठेवली. विमानतळावरचे स्कॅनर, व्हिसा, नोकरी, घरचे, सगळं एका सेकंदात डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, "ओपा, नाही जमणार. तिकडे ती उभी राहिली तर मी आत जाईन." ते हसले. "कळतं मला," म्हणाले, आणि काडेपेटी खिशात ठेवून दिली.

यंदाच्या वसंतात त्यांची मेल आली. हिवाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता माळ्यावर चढता येत नाही. दोन वर्षं नवं बी धरायचं राहूनच गेलं होतं. शेजारच्या मुलाला वर पाठवून त्या काडेपेटीतल्या सगळ्या बिया पेरायला लावल्या. त्यातली एकही उगवली नाही. सोबत फोटो होता. काचेखाली ओळीनं मांडलेल्या कुंड्या, ओली काळी माती, आणि मागच्या भिंतीवर अजून तसेच राहिलेले ते खिळे.

मी जे केलं ते बरोबरच होतं. आजही कुणी विचारलं तर तेच करीन, तेच कर म्हणून सांगीन.

पण त्या फोटोला काय उत्तर लिहावं, ते मात्र तीन विकांत झाले तरी सुचलेलं नाही.